कुमारीचे कंकण

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आला आहे. भगवान श्रीकृष्णांनी तो उद्धवास सांगितला, आणि शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांनी काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या आपल्या टीकेच्या द्वारे तो मराठी माणसाच्या ओसरीवर आणून ठेवला. अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वायू, आकाश हे थोर गुरू तर झालेच. पण कपोत, अजगर, पतंग, हरिण, मासा यांनाही त्याने गुरू म्हटले. कोणापासून काय घ्यावे आणि कोणाचे पाहून काय टाळावे हे ज्याला कळले, त्याला सगळे जगच पाठशाळा होते. या चोवीस गुरूंत एक लहानशी कुमारी आहे. तिची कथा मोजक्या श्लोकांची, म्हणून कीर्तनात ती बहुधा घाईने आटोपते. आज आपण ती सावकाश पाहू.

घरातली वडील मंडळी कुठे बाहेर गेलेली. घरी कुमारी एकटी. अशा वेळी तिला मागणी घालायला पाहुणे दारी आले. आता काय करावे? पाहुण्यांना बसायला दिले, पाणी दिले. पण भोजनाचे काय? घरात तांदूळ कांडलेले नाहीत. तेव्हा ती आत एकांतात जाऊन साळी कांडू लागली. हातात शंखाची काकणे होती. मुसळ वर गेले की काकणे वाजत, खाली आले की वाजत. तो आवाज ओसरीपर्यंत जाऊ लागला. तिला लाज वाटली. पाहुण्यांना वाटेल, या घरी कांडायलाही दुसरे कोणी नाही, घर दरिद्री दिसते. म्हणून तिने एकेक काकण काढून फोडले आणि प्रत्येक हातात दोन दोन ठेवली. तरी ती दोन एकमेकांवर आपटून वाजतच राहिली. मग तिने दोन्ही हातांतले आणखी एकेक उतरवले. उरले एकेक काकण. त्यातून आवाज निघाला नाही. साळी कांडून झाल्या, पाहुणे जेवले.

अवधूत म्हणतो, ही माझी गुरू. पुष्कळ जण एकत्र आले की कलह होतो, दोघे आले तरी गोष्टी चालतात. म्हणून साधकाने त्या काकणासारखे एकटे असावे. हा मूळचा भावार्थ. परंतु या कथेत आणखी चार गोष्टी आहेत, त्या ध्यानात ठेवाव्या. पहिली, तिला काकणांचा द्वेष नव्हता. काकण हे सौभाग्याचे, मंगलाचे लेणे. दुसरी, तिने एकदम सगळी उतरवली नाहीत. वाजते का ते पाहत पाहत उतरवली. तिसरी, शेवटी हात मोकळा ठेवला नाही, एक राखले. आणि चौथी, जी सर्वांत मोठी, ती ही की हे सगळे तिने कांडण थांबू नये म्हणून केले. पाहुण्यांच्या मुखी अन्न पडावे म्हणून केले. नुसती शांतता तिला नको होती. काम सिद्धीस न्यायचे होते.

आता कोणी म्हणेल, महाराज, ही कथा आज कशासाठी काढली? तर सज्जनहो, हल्ली एक नवी गोष्ट कानी येते. ज्यांच्या हातात लहानपणापासून स्मार्टफोन आला, अशा तरुण मुलामुलींतलीच काही मुले तो आपण होऊन खाली ठेवीत आहेत आणि त्याच्या जागी बटनांचा साधा फोन घेत आहेत. बोलणे, संदेश, फार तर रेडिओ आणि विजेरी, एवढेच ज्यात आहे असा. आपल्यातल्या पुष्कळांनी वीस वर्षांपूर्वी तो वापरला आहे. नोकिया कंपनीचा ११०० क्रमांकाचा फोन २००३ साली निघाला. डोक्यावर विजेरी असलेला, धुळीत टिकणारा. तो जगात पंचवीस कोटींहून अधिक खपला. वारीच्या वाटेवर रात्री तंबूत चप्पल शोधायला त्याचाच उजेड कामी येत असे. तो फोन म्हाताऱ्यांचा समजून ज्यांनी हसावे अशा वयाची मुले आज तसलाच फोन मागू लागली, हे नवल आहे. नवल म्हणून सोडून देऊ नये, इतके त्यात तथ्य आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्रुकलिन नावाचा भाग आहे. तेथील शाळकरी मुलांनी ‘लुडाइट क्लब’ या नावाची एक मंडळी स्थापन केली. २०२२ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून तिची वार्ता सगळीकडे गेली. लुडाइट हा शब्द जुना. इंग्लंडात १८११ सालापासून काही वर्षे कापडाच्या धंद्यातील कारागिरांनी पोटावर पाय आला म्हणून यंत्रे फोडली, त्यांना ते नाव पडले होते. या मुलांनी मात्र कोणाचे यंत्र फोडले नाही. ती रविवारी प्रॉस्पेक्ट पार्क या बागेत जमत, पुस्तके वाचीत, चित्रे काढीत, किंवा नुसती बसत. त्यांच्या खिशात घडीचे साधे फोन. ज्या मुलीने ही मंडळी सुरू केली तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिने प्रथम फोनमधले इन्स्टाग्राम काढून टाकले. तेवढ्याने भागेना. मग फोनच एका पेटीत घालून ठेवला. आणि अखेर घडीचा साधा फोन घेतला. सज्जनहो, त्या मुलीने भागवत वाचले असेल असे मी म्हणत नाही. पण आधी एक काढले, तरी वाजते. मग दुसरे काढले. आणि शेवटी एकच राखले, हा क्रम कोणाचा? आपल्या कुमारीचाच. सत्य एका देशाचे नसते. ते ब्रुकलिनच्या बागेतही उगवते.

वाजते म्हणजे काय वाजते, तेही पाहू. अवधूताने हरणाला आणि पतंगालाही गुरू केले, ते सावध होण्यासाठी. हरिण नादाला भुलून पारध्याच्या हाती जाते. पतंग रूपाला भुलून ज्योतीवर पडतो. हत्ती स्पर्शाने फसतो, मासा जिभेने, भ्रमर गंधाने. एकेकाला एकेक इंद्रिय पुरे झाले. आता त्या काचेच्या पाटीकडे पाहा. नाद तिच्यात, रूप तिच्यात, आणि बोटाचा स्पर्श हीच तिची चावी. तीन पारधी एकाच झुडपाआड बसलेले आहेत. शिवाय त्या पारध्यांना बुद्धी आहे. किती वेळाने घंटी वाजवली म्हणजे हात खिशाकडे जाईल, कोणते चित्र दाखवले म्हणजे डोळा हलणार नाही, याचा हिशोब करणारे थोर विद्वान त्यासाठी पगारी ठेवले आहेत. दहा चित्रफिती निःसत्त्व लागतात, अकरावी गोड लागते. त्या अकरावीच्या आशेने पुढच्या वीस पाहिल्या जातात. जुगाराचा फड याच न्यायाने चालतो.

यातली एक युक्ती विशेष सांगण्याजोगी आहे. पूर्वी संगणकावर पान संपले की थांबावे लागे, आणि पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे. २००६ साली आझा रास्किन नावाच्या कारागिराने अशी रचना काढली की बोट फिरवावे आणि खालून नवे येतच राहावे. पान संपूच नये. पुढे त्या युक्तीने माणसांचा किती काळ खाल्ला हे पाहून त्याने स्वतःच तिच्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. सज्जनहो, आपल्या संप्रदायात प्रत्येक गोष्टीला शेवट आहे. पोथीला अध्यायाची समाप्ती आहे. कीर्तनाला आरती आहे. वारी कितीही लांबली तरी वाखरीचा तळ येतो आणि मग पंढरी येते. शेवट आहे म्हणून विसावा आहे, आणि विसावा आहे म्हणून मागे वळून पाहायला सवड आहे. ज्या वाटेला पंढरीच नाही त्या वाटेवर पाय दुखतात, पण वारी घडत नाही.

मागे एका गावी सप्ताहात कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन बिऱ्हाडी आले. मुलगा वीस-बावीस वर्षांचा, भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारा. गृहस्थ म्हणाले, “म्हाराज, याला जरा समजावून सांगा. पंधरा हजाराचा फोन मित्राला विकला आन् हे हजाराचं डबडं घेऊन आला.” मला आधी वाटले, पैशाचा तोटा झाला म्हणून रागावले असतील. पण तसे नव्हते. पुढे म्हणाले, “उद्या सोयरीक घेऊन पाव्हणे येतील. पोराच्या हातात हे बघतील आन् म्हनतील, घराची परिस्थिती खालावली. आमची काय अब्रू ऱ्हाईल?”

मी मुलाला विचारले, “बाळा, तू का विकलास?”

तो खाली पाहून म्हणाला, “महाराज, रात्री अकराला पुस्तक मिटायचो आणि पाच मिनिटं म्हणून फोन घ्यायचो. दोन वाजायचे. आधी मी त्यातलं एकेक काढून टाकलं. परत टाकलं. परत काढलं. मग कोनाड्यात ठेवला, तर उठून आणायचो. पुस्तकाची दोन पानं झाली की हात आपोआप खिशाकडं जायचा. आता हात जातो, पण तिथं काहीच नसतं. मग परत पुस्तकात येतो.”

पाहा, कुमारीला लाज वाटली ती दारिद्र्य उघडे पडेल म्हणून, आणि म्हणून तिने काकणे उतरवली. या वडिलांना लाज वाटते ती काकणे उतरली म्हणून. काळ असा उलटा आला की वाजणे हेच श्रीमंतीचे लक्षण ठरले. मी त्या गृहस्थांना म्हटले, “माउली, पाहुणे आले तर त्यांना सांगा, आमचा मुलगा रात्री दहाला झोपतो आणि पहाटे पाचला उठतो. मुलीच्या बापाला याहून मोठी इस्टेट कोणती दाखवणार आहात?” गृहस्थ हसले. पुरते पटले असे नाही, पण हसले. मुलाचा फोन मात्र मी हातात घेऊन पाहिला आणि त्याच्या कपाळी बुक्का लावला.

आता शास्त्राप्रमाणे पूर्वपक्ष मांडला पाहिजे. विरोधकाचे ऐकल्याशिवाय सिद्धान्त पक्का होत नाही.

पहिला पूर्वपक्ष असा की दोष वस्तूत नाही, मनात आहे. सुरीने भाजी चिरावी की बोट कापावे हे सुरी ठरवीत नाही. ज्याचे मन ताब्यात आहे त्याच्या हातात कोणताही फोन असला तरी काय बिघडले? हे बोलणे वेदान्ताचे वाटते आणि म्हणूनच फसवे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट बजावले आहे की प्रयत्न करणाऱ्या जाणत्या पुरुषाचेही मन इंद्रिये बळाने ओढून नेतात. जाणत्याची ही कथा, मग सोळा वर्षांच्या पोराची काय? आणि आपला संप्रदाय तर नियमावरच उभा आहे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचे व्रत, वर्षाची वारी, मद्यमांसाचा त्याग. हे सगळे बाहेरचेच आहे. बाहेरची माळ आतल्या मनाला धरून ठेवते, हा आमचा शेकडो वर्षांचा अनुभव. एकादशीला आपण पंचपक्वान्नांचे ताट पुढे मांडून, त्याचा वास घेत, माझे मन ताब्यात आहे असे म्हणत बसतो काय? ताट मांडतच नाही. वारकरी अन्नाचा द्वेष करीत नाही; द्वादशीला तो आनंदाने जेवतो. पण एकादशीला चूल वेगळी. साधा फोन ही तशीच वेगळी चूल आहे.

या संबंधी एक नवा दाखलाही आहे. २०२५ साली अमेरिका व कॅनडातील काही संशोधकांचे काम प्रसिद्ध झाले. त्यांनी ४६७ जणांच्या फोनमधले इंटरनेट दोन आठवडे बंद राखण्याची व्यवस्था केली. बोलणे आणि संदेश चालू, बाकीचे बंद. म्हणजे हातातला स्मार्टफोनच साधा करून टाकला. दोन आठवड्यांनी त्यांना असे आढळले की चित्त एकाग्र राखण्याची शक्ती वाढली आणि मनाचे स्वास्थ्य सुधारले. रिकामा झालेला वेळ लोकांनी माणसांना प्रत्यक्ष भेटण्यात, व्यायामात, मोकळ्या हवेत घालवला. पुष्कळांना तो नियम पुरते दिवस पाळता आला नाही, हेही त्यात आले आहे. दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या. गुण येतो, हे खरे. आणि जडते, हेही खरे. अर्जुनाने मन वाऱ्यासारखे आहे अशी तक्रार केली तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. कठीण आहे हे मान्य केले, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले.

दुसरा पूर्वपक्ष प्रपंचाचा. तो अधिक वजनदार आहे, कारण तो खोटा नाही. शेतकरी म्हणतो, महाराज, पिकाची नोंद करायची तर ई-पीक पाहणी फोनवरून, सातबारा पाहायचा तर फोनवर, बाजारभाव फोनवर. विद्यार्थी म्हणतो, कॉलेजची सूचना व्हॉट्सॲपवर येते. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक चौकोन टिपून पैसे देते. हे सगळे सोडून कसे चालेल? उत्तर असे की सगळे सोडा, असे कुमारी सांगतच नाही. ती म्हणते, ज्याने कांडण चालते ते राखा आणि जे नुसते वाजते ते उतरवा. घरात एक स्मार्टफोन असू द्या. पूर्वी घरात एकच तराजू असे, एकच कंदील असे, आणि ज्याला लागे तो ठरल्या जागेवरून नेई. तसा तो फोन ओसरीवरच्या फडताळात राहावा. पिकाची नोंद करायची, करा आणि परत ठेवा. खिशात मात्र साधा. पैशाचे म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरूनही पैसे देण्याची सोय सुरू केली आहे. कॉलेजच्या सूचनेसाठी दिवसाकाठी एकदा घरचा फोन पाहिला तरी पुरते. सूचना दिवसातून चाळीस वेळा येत नाही, चाळीस वेळा येते ती उत्सुकता.

घेताना दोन गोष्टी पाहाव्या. काही कंपन्यांची सेवा जुन्या पद्धतीच्या फोनवर चालत नाही. म्हणून आपले सिमकार्ड त्यात चालते का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. आणि बटने दिसली म्हणून फोन साधा असे समजू नये. बटनांच्या काही फोनांतही चित्रफिती पाहण्याची सोय असते. ती म्हणजे हातात राहिलेले दुसरे काकण. ते वाजणारच.

तिसरा पूर्वपक्ष सूक्ष्म आहे, आणि तो या तरुणांसाठीच आहे. त्यागाचाही अहंकार होतो. परदेशात मुद्दाम साधे केलेले फोन बाजारात आले आहेत, आणि त्यांतले काही चांगले महाग आहेत. साधेपणाचीही फॅशन होऊ शकते. ‘मी स्मार्टफोन वापरीत नाही’ हे दहा जणांना सांगत फिरणे म्हणजे काकण उतरवून डमरू वाजवणे. आणि दुसरे असे की नुसते काढून भागत नाही. जागा मोकळी राहिली की जुना पाहुणा परत येतो, आणि एकटा येत नाही. कुमारीच्या कथेतली चौथी गोष्ट आठवा. मुसळ चालू होते. तिच्या हाताला काम होते, म्हणून एक काकण तिला पुरे झाले. ज्याच्या हातात मुसळ नाही त्याला शांतता खायला उठते. म्हणून फोन साधा केलास, उत्तम. आता कांडतोस काय, हे सांग. रोज दोन तास उरले, तर त्यातला पाऊण तास हरिपाठाला दे. एक ओवी अर्थासह वाच. आजोबांना औषधाची वेळ विचार. पखवाजाला हात लाव. बोल बसायला महिने लागतात, आणि ते महिने आजवर कुठे जात होते ते तुला ठाऊक आहे. याच अध्यायात अवधूताने बाण करणाऱ्या कारागिरालाही गुरू केले आहे. तो बाण सरळ करण्यात इतका रंगला होता की समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली ती त्याला कळली नाही. कुमारीने आवाज थांबवला. बाणकऱ्याला आवाज ऐकूच आला नाही. पहिली पायरी कुमारीची, दुसरी बाणकऱ्याची. साधा फोन तुम्हाला पहिल्या पायरीवर उभा करील. दुसरी नामाने चढायची.

हे काम एकट्या पोराच्या माथी मारू नये, हे आता वडीलधाऱ्यांना सांगावयाचे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, सुमारे तीन हजार वस्तीचे. महामारीत शाळा फोनवर गेली, आणि शाळा उघडली तरी पोरे फोनमधून बाहेर येईनात. तेव्हा २०२२ साली गावाने एकविचार केला. सायंकाळी सात वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजावा, आणि त्यानंतर दीड तास घरोघर फोन आणि दूरदर्शन बंद राहावे. सुरुवातीला घरोघर फिरून समजूत घालावी लागली. या गोष्टीतले मर्म असे की भोंगा पोरांसाठी एकट्यांसाठी नव्हता. आईने मालिका बंद करायची, बापाने फोन ठेवायचा, तेव्हा पोराने पुस्तक उघडायचे. एकाची एकादशी कठीण, गावाची एकादशी सोपी. वारीत आपण एकटे अडीचशे किलोमीटर चाललो असतो का? पुढच्याचे पाऊल दिसते म्हणून आपले पाऊल उचलते.

म्हणून दिंडीचालकांना विनंती आहे. दिंडीत एक-दोन स्मार्टफोन व्यवस्थेसाठी असावेत; निरोपाला, दवाखान्याला, पाण्याच्या टँकरला ते लागतात. इतरांनी साधा फोन ठेवावा. त्याचे चार्जिंग दिवसेंदिवस टिकते, म्हणजे मुक्कामावर विजेच्या फळीभोवती जी झुंबड उडते ती टळेल. घरचे चार क्रमांक वहीत लिहून ठेवावे. रस्ता चुकला तर नकाशा नाही, पण विचारायला माणूस आहे. आणि वारीत विचारलेला माणूस पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही.

रिंगणात अश्व धावतो तेव्हा हात वर करून फोन धरलेल्यांची भिंत उभी राहते आणि मागची म्हातारी टाचा उंचावून उंचावून थकते. ज्याने टिपले त्याने पाहिले नाही, आणि जिला पाहायचे होते तिला दिसले नाही. मग तो सोहळा झाला कोणासाठी? आणि कीर्तनकार मंडळींनीही विचार करावा. समोर बसलेल्या तीनशे जणांपेक्षा यंत्रातल्या तीन लाखांकडे ज्याची नजर आहे, जो अभंगाचा अर्थ सोडून तुकड्यात कापता येईल असा विनोद शोधतो, त्याने तरुणांना फोनविषयी उपदेश करू नये. श्रोता ओळखतो. नारदाच्या गादीवर उभे राहून काकणे वाजवू नयेत.

काही घरांत मुलाने साधा फोन घेतला की त्याची चेष्टा होते. मित्र हसतात, मामा म्हणतो अडाणी झाला. सज्जनहो, असे करू नका. आपल्या वयाच्या माणसांना हा फोन सोडणे सोपे आहे. आपण त्याच्याविना जन्म काढला. त्या मुलांनी त्याच्याशिवायचे जग पाहिलेच नाही. ज्याने कधी पाहिली नाही ती शांतता तो शोधायला निघाला आहे. त्याला वाट दाखवणे हे आपले काम. तो थकून बसला, चार महिन्यांनी पुन्हा जुन्या फोनकडे वळला, तरी ‘आम्ही म्हणालो नव्हतो?’ असे बोलू नका. कुमारीलाही दोन खेपा काकणे उतरवावी लागली. एकादशी मोडली म्हणून वारकरी पुढची एकादशी सोडत नाही.

आपल्या भाषेत एक सुंदर चाल आहे. बाई काकण फुटले असे म्हणत नाही; काकण वाढवले असे म्हणते. अशुभ उच्चारू नये म्हणून ती चाल पडली, हे खरे. पण या ठिकाणी तिचा सरळ अर्थही लागू पडतो. हातातले एक कमी झाले, आणि रात्रीची झोप वाढली, पुस्तकाची पाने वाढली, आईशी बोलणे वाढले, मुखी नाम वाढले. अशा रीतीने ज्याने काकण वाढवले त्याचे काही गेले नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, एक राखा, बाकी वाढवा. ज्याने आईची हाक तुमच्यापर्यंत येते आणि तुमची हाक आईपर्यंत जाते तेवढे राखा. मुसळ थांबवू नका. ओसरीवर पाहुणा बसला आहे. तो विटेवरून उठून तुमच्या दारी आला आहे, आणि आत काय चालले आहे ते कान देऊन ऐकतो आहे. त्याला काकणांचा आवाज ऐकवायचा की नामाचा, एवढेच आता ठरवायचे आहे.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल.